मत महागच असायला हवं

कांद्याला भाव असतो, सोन्याला भाव असतो, जागेला तर रोज चढता भाव असतो. मताला मात्र भाव नसतो, निदान नसावा, असं आपण शाळेपासून शिकत आलो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मतासाठी ‘अमूल्य’ हाच शब्द ठरलेला. पण निवडणूक देशाची असो, गावाची असो की घरासमोरच्या कॉलनीची, ती आपल्याकडे फिरवू पाहणारा माणूस आधी एक साधा हिशेब मांडतो. ही निवडणूक ताब्यात घ्यायला खर्च किती येईल आणि ताब्यात आल्यावर हाती किती लागेल? खर्च जास्त असेल तर तो त्या वाटेला जात नाही. कमी असेल तर आज ना उद्या कुणी ना कुणी येतोच.

हा हिशेब जयपूरच्या शास्त्री नगरात राहणाऱ्या एका मराठी गृहिणीला वयाच्या बासष्टाव्या वर्षी समजला. तोही एका कागदामुळे, ज्यावर ती डोळे झाकून सही करायला निघाली होती.

एक सही आणि एक उपकार

काकू शास्त्री नगरात आल्या त्याला तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. नवऱ्याची बदलीची नोकरी इथे येऊन थांबली, मुलं इथेच शिकली आणि निवृत्तीनंतर परत जायचा विषय हळूहळू मागे पडला. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. कॉलनीत त्यांना सगळे ‘मराठी आंटी’ म्हणतात. संध्याकाळी सायन्स पार्कच्या बाजूला फेरी मारायची, येताना भाजी घ्यायची, संक्रांतीला तिळगूळ शेजारी पाठवायचा आणि दिवाळीला त्यांच्याकडची घेवर खायची, असं सरळ आयुष्य.

जयपूरच्या कॉलन्यांमधून ‘विकास समिती’ असते. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीसारखीच. बाग, रखवालदार, रस्त्यावरच्या दिव्यांचा पाठपुरावा ही तिची कामं. काकूंच्या कॉलनीत समितीच्या ताब्यात एक सामुदायिक भवनही आहे. साखरपुडे, बारशी, तेरावे तिथेच होतात. भाडं नाममात्र. दीडशेच्या आसपास घरं आणि प्रत्येक घराला एक मत. सभेला मात्र पंचवीस-तीस माणसं आली तरी खूप झालं, असं अध्यक्षच हसत हसत म्हणायचे.

मे २०२२ मध्ये समितीची निवडणूक लागली. एका संध्याकाळी शेजारचे गृहस्थ छापील कागदांचा गठ्ठा घेऊन आले. “आंटीजी, आप क्यों तकलीफ करेंगी? बस यहाँ साइन कर दीजिए.” सभेला येणं जमणार नाही, आपल्या वतीने मतदान करण्याचा अधिकार कागद बाळगणाऱ्याला देत आहे, असा मजकूर होता. प्रॉक्सीचा कागद.

नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, काकांचा श्वास लागला होता. हॉस्पिटलात जागा नव्हती, मुलगा पुण्यात अडकलेला. रात्री दोन वाजता प्राणवायूचा सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढणारा माणूस हाच. पैसे विचारले तर म्हणाला, “आंटीजी, शर्मिंदा मत कीजिए.” अशा माणसाने एक सही मागितली तर?

काकूंनी पेन घेतलं. चष्मा आत राहिला होता म्हणून सुट्टीला आलेल्या नातीला हाक मारली. नात पुण्यात कॉम्प्युटरचं शिक्षण घेते. चष्मा देता देता तिने कागदावर नजर टाकली आणि हलकेच म्हणाली, “आजी, यात तारीख नाही. विषयही नाही.”

काकूंनी कागद ठेवून घेतला. “उद्या देते,” एवढंच म्हणाल्या.

ठराव मंजूर, तिजोरी रिकामी

रात्री जेवताना नात म्हणाली, “आजी, गेल्याच महिन्यात आमच्या क्षेत्रात हेच झालं. फक्त कागद नव्हता आणि रक्कम तुझ्या कॉलनीला विकत घेऊन उरेल एवढी होती.”

हल्ली डिजिटल चलनाचं नाव सगळ्यांच्या कानावर असतं. त्यामागची कल्पना थोडक्यात अशी. एक हिशेबाची वही. ती एका बँकेत न ठेवता जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर तिच्या प्रती ठेवलेल्या. कुणी मालक नाही, मॅनेजर नाही. मग निर्णय कोण घेणार? तर ज्यांच्याकडे त्या व्यवस्थेची टोकनं आहेत ते मतदान करून घेणार. इथे माणशी एक मत नसतं. ज्याच्याकडे टोकनं जास्त त्याची मतं जास्त, कंपनीच्या शेअर्ससारखं.

‘बीनस्टॉक’ नावाची अशीच एक व्यवस्था होती. तिथे तातडीचा ठराव एक दिवस थांबून दोन-तृतीयांश मतांनी लगेच अमलात आणता येई. १६ एप्रिल २०२२ रोजी कुणीतरी दोन ठराव मांडले. वरवर पाहता युक्रेनच्या युद्धग्रस्तांना देणगी द्यावी, असा प्रकार. खरा डाव असा, की व्यवस्थेतली सगळी रक्कम ठराव मांडणाऱ्याच्या खात्यात जावी. ठराव दिवसभर सर्वांसमोर उघडे पडून होते. कुणी नीट वाचले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या अज्ञात व्यक्तीने सुमारे १०० कोटी डॉलरचं कर्ज उचललं. या दुनियेत असं कर्ज मिळतं, जे त्याच एका व्यवहारात घ्यायचं आणि त्याच व्यवहारात फेडायचं. तारण लागत नाही, कारण फेड झाली नाही तर अख्खा व्यवहारच रद्द होतो. त्या पैशांतून त्याने मतांचा हक्क मिळवला, दोन-तृतीयांशाची रेघ ओलांडली, स्वतःचा ठराव मंजूर केला, तिजोरी उपसली आणि कर्ज फेडून टाकलं. सगळं एका व्यवहारात. व्यवस्थेचं नुकसान सुमारे १८ कोटी २० लाख डॉलरचं, म्हणजे त्या वेळच्या भावाने जवळपास १,४०० कोटी रुपयांचं. त्याच्या हाती उरले साडेसात कोटी डॉलरच्या वर. युक्रेनच्या नावावर अडीच लाख डॉलर मात्र खरोखरच गेले!

काका इतका वेळ ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे दरोडा नाहीच हा. नियमाप्रमाणे सभा घेऊन नेलं त्याने.”

“तेच तर, आजोबा. कुलूप कुणी तोडलंच नाही. बहुमत काही क्षणांसाठी भाड्याने घेतलं.”

ठेव तुमची, मत दुसऱ्याचं

नातीने आणखी एक उदाहरण सांगितलं आणि ते काकूंच्या मनात जास्त रुतलं. ‘स्टीम’ नावाचं एक जाळं होतं. लेखक-वाचकांनी मिळून चालवलेलं. त्याची वही सांभाळायला वीस प्रमुख ‘साक्षीदार’ मतदानाने निवडले जात. फेब्रुवारी २०२० मध्ये जस्टिन सन या उद्योजकाने त्यामागची कंपनी विकत घेतली. कंपनीकडे सुरुवातीपासूनची ढीगभर टोकनं होती. ती मतदानात वापरायची नाहीत, अशी समजूत होती. नव्या मालकाच्या हाती ती आल्यावर सभासद घाबरले आणि त्यांनी ती तात्पुरती गोठवली.

२ मार्च २०२० रोजी उलटा डाव पडला. लोक आपली टोकनं खरेदी-विक्रीसाठी ज्या मोठ्या बाजारांकडे ठेवतात, त्यांपैकी बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या तिघांनी ग्राहकांच्या ठेवीतली टोकनं मतदानाला लावली. वीसच्या वीस जागांवर नवी माणसं आली. ज्यांची टोकनं होती त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. ओरड झाल्यावर बायनान्स आणि हुओबीने मतं काढून घेतली. पण विश्वास गेला तो गेलाच. २० मार्च २०२० रोजी सभासदांच्या मोठ्या गटाने वहीची वेगळी प्रत काढून ‘हाइव्ह’ नावाने नवं घर मांडलं आणि कंपनीच्या त्या ढिगाला तिथे जागा दिली नाही.

आपण बँकेत पैसे ठेवावेत आणि बँकेने आपल्या नावावर परस्पर मतदान करून यावं, तसा हा प्रकार. काकूंनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. कॉलनीतल्या किती घरांना कुलूप आहे? कितीजण घर भाड्याने देऊन बंगळुरूला, दुबईला गेले आहेत? त्यांच्या सह्या कुणाच्या कपाटात असतील?

हल्ला करायला खर्च किती, हा प्रश्न या जाळ्यांच्या जाणकारांनी फार बारकाईने विचारला आहे. बिटकॉइनमध्ये मत म्हणजे यंत्रांचं काम. निम्म्याहून जास्त यंत्रशक्ती ज्याच्या हाती, तो वहीचं पान फिरवू शकतो. पण तेवढी यंत्रं आणि तेवढी वीज जमवणं म्हणजे डोंगराएवढा खर्च. तीच पद्धत वापरणाऱ्या लहान जाळ्यांत मात्र यंत्रशक्ती भाड्याने मिळते. मे २०१८ मध्ये ‘बिटकॉइन गोल्ड’ या लहान चलनावर असा हल्ला होऊन सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरची फसवणूक झाली. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. वही सांभाळणाऱ्याने आपली रक्कम अनामत ठेवायची. लबाडी सिद्ध झाली तर ती कापली जाते. आपल्या निवडणुकीत एक-षष्ठांश मतं न मिळाल्यास उमेदवाराची अनामत जप्त होते, ती हरण्याची शिक्षा. इथे शिक्षा लबाडीची.

देवळासाठी दोन कोटी

“हे सगळं परदेशातलं,” काका म्हणाले. “आपल्याकडे काय कमी झालं? तुझ्या माहेराजवळचं आठवत नाही?”

काकूंचं माहेर नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात. त्याच तालुक्यात उमराणे आहे, मुंबई-आग्रा महामार्गावरचं, कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. २०२० सालच्या अखेरीस महाराष्ट्रात १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या. बिनविरोध निवडणूक करणाऱ्या गावाला निधी देऊ, अशा घोषणा काही आमदारांनी केल्या. उमराण्यात मात्र वेगळंच झालं. गावाच्या रामेश्वर महादेव मंदिराच्या कामासाठी म्हणून सरपंचपदाची जाहीर बोली लागली आणि ती २ कोटी ५ लाख रुपयांवर थांबली. त्याचं चित्रण मोबाइलवरून राज्यभर फिरलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही अशीच बोली लागली, ४२ लाखांची. १३ जानेवारी २०२१ रोजी, मतदानाला दोनच दिवस उरले असताना, राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली.

त्या वेळी काकूंच्या माहेरच्या मंडळींमध्ये फोनवर जोरजोरात वाद झाले होते. “पैसे कुणाच्या खिशात गेले नाहीत, देवाच्या कामाला लागणार होते. निवडणुकीत दारू-मटणावर उडवण्यापेक्षा हे काय वाईट?” असं धाकटा भाऊ म्हणाला होता. हे म्हणणं अगदी उडवून लावण्यासारखं नाही. निवडणुकीने भाऊबंदकी पेटते, वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. सगळ्यांच्या संमतीने बिनविरोध पंचायत निवडणारी गावं आहेत आणि त्यांत गैर काही नाही.

पण संमती आणि बोली यांत फरक आहे. नात कागद-पेन घेऊन बसली. समजा गावात पाच हजार मतदार आहेत. बोली दोन कोटींची. म्हणजे एका मताचे चार हजार रुपये. पाच वर्षांसाठी. दिवसाचा हिशेब केला तर सव्वादोन रुपयेसुद्धा पडत नाहीत. शास्त्री नगरातल्या टपरीवर त्यात अर्धा चहाही मिळायचा नाही! आणि हे चार हजारही मतदाराला मिळत नाहीत. त्याला कुणी विचारतच नाही. चौकात जमलेल्या मोजक्या पुरुषांनी सगळ्या गावाची मतं एका ठोक भावात काढली. विधवा, शेतमजूर, वाडी-वस्तीवरची माणसं बोलीच्या वेळी तिथे असतातच असं नाही. त्या काळात सरपंच थेट लोकांमधून नव्हे, तर निवडून आलेल्या सदस्यांमधून ठरत असे. म्हणजे एका पदाच्या बोलीत सबंध पंचायतीचाच सौदा झाला.

आणि दोन कोटी देणारा माणूस पुढची पाच वर्षं काय करील? तो हिशेब कुणाला सांगायला नको.

किरकोळ महाग, ठोक स्वस्त

पंचायत राज्याची सुरुवात २ ऑक्टोबर १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली ती राजस्थानातच, नागौरला. सत्ता एका ठिकाणी साठवू नये, ती हजारो गावांत वाटावी, हा त्यामागचा विचार. वाटलेली सत्ता चोरणं अवघड, असं आपण मानतो. ते खरं आहे, पण अर्धंच. एका मोठ्या तिजोरीऐवजी हजारो लहान डबे केले की सगळे एकदम फोडणं अशक्य होतं. पण एखादा डबा फोडणं त्या तिजोरीपेक्षा कितीतरी सोपं होतं, विशेषतः त्याच्याकडे कुणी बघत नसेल तर.

मग डबा मजबूत कशाने होतो? सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गुप्त मतदान. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ मध्ये ते कायद्याने आणलं आणि तिथून ते जगभर पसरलं. त्यातली खुबी अशी, की मत विकत घेणाऱ्याला माल मिळाला की नाही हे कळतच नाही. एखाद्या बाईने साडी घेतली आणि मत मनाप्रमाणे दिलं, तर घेणारा काय करणार? ज्याची खात्री करता येत नाही त्या मालाला चांगला भाव कोण देईल? चौकातली बोली, हात वर करून केलेलं मतदान आणि कोरी प्रॉक्सी या तिन्हींत ही खुबी नाहीशी होते. डिजिटल जाळ्यांतही बहुतेक ठिकाणी मत उघड दिसतं, हे त्यांचं मोठं दुखणं आहे.

दुसरा उपाय म्हणजे वेळ. आपल्या मतदान यंत्रात मिनिटाला चार-पाचपेक्षा जास्त मतं नोंदवता येत नाहीत. केंद्र बळकावणाऱ्याने बटण कितीही दाबलं तरी यंत्र आपल्याच गतीने चालतं. तोवर पोलीस पोहोचतात, नाहीतर मतदान अधिकारी यंत्र बंद करतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून पेटीत कोंबले जात. तेच काम यंत्राने महाग केलं. मतदार यादी आधीच पक्की होते, तीही याच कारणासाठी. बीनस्टॉकमध्ये आदल्या तारखेची शिल्लक पाहून मतं मोजण्याचा नियम असता, तर त्या क्षणी उसनी घेतलेली मतं कुचकामी ठरली असती. पुष्कळ जाळ्यांमध्ये आता तसाच नियम आहे.

तिसरा उपाय म्हणजे माणसांची हजेरी. राजस्थानात २००८ च्या विधानसभा निवडणुकीत नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी यांना ६२,२१५ मतं पडली आणि भाजपचे कल्याणसिंह चौहान यांना ६२,२१६. एका मताने मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीतला माणूस विधानसभेबाहेर राहिला. ही गोष्ट जयपुरात अजूनही पानाच्या ठेल्यावर निघते. एका मताची किंमत एवढी वाढते कधी? तर बाकीची सव्वा लाखाच्या आसपास माणसं आपापलं मत देऊन आलेली असतात तेव्हा. सभेला पंचवीस माणसं येत असतील, तर तेरा सह्यांत कॉलनी विकत मिळते. दीडशे आली तर शहात्तर लागतात.

सामुदायिक भवनाचा ठराव

दुसऱ्या दिवशी काकूंनी चौकशी केली तेव्हा कळलं, की निवडणुकीच्याच सभेत ‘अन्य विषय’ या सदराखाली एक ठराव यायचा होता. सामुदायिक भवन दुरुस्तीच्या बदल्यात एका कंत्राटदाराला दीर्घ मुदतीने चालवायला द्यायचं. लग्नाच्या मोसमात त्याला चांगले पैसे मिळाले असते. कॉलनीतल्या बारशाला आणि तेराव्याला मात्र बाजारभावाने भाडं पडलं असतं. शेजारच्या गृहस्थांचा कंत्राटदाराशी परिचय होता. त्यांना मनापासून वाटतही असेल, की गळकं भवन त्यामुळे सुधारेल. पण कागदावर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

काकूंनी कोरा कागद परत नेऊन दिला. काय बोलायचं हे त्यांनी रात्रभर मनात घोळवलं होतं. “भाईसाहब, त्या रात्रीचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. तुमच्या घरी अडीअडचण आली तर पहिली मी येईन. पण ते फेडायला ही सही वापरली, तर उपकाराची किंमत केल्यासारखं होईल.” गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने मात्र दार जरा जोरात लावलं.

पुढचे आठ दिवस काकू आणि नात यादी घेऊन बसल्या. बाहेरगावी असलेल्या घरमालकांना फोन केले. भांडण नाही, आरोप नाही. एवढंच विचारलं, “तुम्ही सही दिली आहे, ती कोणत्या विषयासाठी हे तुम्हाला माहीत आहे का?” बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. काहींनी सही मागे घेतली. काहींनी “आंटीजी, जाने दीजिए” म्हणून फोन ठेवला. एका जुन्या मैत्रिणीने तर “तुमको क्या पड़ी है? तुम तो बाहर की हो” असं ऐकवलं. तीस वर्षांनंतर ते ऐकून काकू रात्री नीट जेवल्या नाहीत.

सभेला त्या दिवशी सत्तरहून अधिक माणसं आली. खुर्च्या कमी पडल्या. निवडणुकीत शेजाऱ्यांचाच गट निवडून आला, थोड्या फरकाने. भवनाचा ठराव मात्र चर्चेत टिकला नाही. आधी सूचना देऊन, वेगळी सभा घेऊन मांडावा, असं ठरलं. काकांनी सुचवलेले दोन नियमही मंजूर झाले. एका माणसाने एकापेक्षा जास्त प्रॉक्सी आणायच्या नाहीत आणि प्रॉक्सीवर तारीख व विषय लिहिलेलाच हवा.

शेजारच्या घराशी बोलणं सुरू व्हायला दिवाळी उजाडली. त्या मधल्या महिन्यांत काकूंना जिन्यावर पाय वाजला तरी कसंसं व्हायचं. मत महाग करायला पडलेला हा खर्च त्यांच्या वाट्याला आला. तो पैशांत मोजता येत नाही आणि कुणी भरूनही देत नाही. दिवाळीला त्यांनीच चकल्यांचा डबा घेऊन दार वाजवलं. दार उघडलं, चहा झाला. सहीचा विषय कुणी काढला नाही.

आपल्या हातातलं

आपल्यापैकी फार थोड्यांना देशाची धोरणं ठरवायला मिळतात. पण सोसायटीची सभा, सहकारी बँकेची सर्वसाधारण सभा, शाळेची पालक समिती, देवस्थानाचा ट्रस्ट, महिला बचत गट अशा कितीतरी ठिकाणी आपलं एक मत असतं. ही मतं सर्वांत स्वस्तात जातात, कारण त्यांच्याकडे आपलंच लक्ष नसतं. सभेच्या नोटिशीची घडी करून आपण ती रद्दीत टाकतो आणि वर्षाने “कमिटीने वाट लावली” म्हणून कुरकुरतो.

त्यासाठी फार मोठं काही करायला नको. नोटीस आली की ‘अन्य विषय’ या शब्दांवर बोट ठेवून विचारावं. कोऱ्या कागदावर सही करू नये, मागणारा कितीही जवळचा असला तरी. जमेल तिथे चिठ्ठीने मतदान घ्यायचा आग्रह धरावा. मतदानाच्या तोंडावर एकदम वाढलेल्या सभासदांची चौकशी करावी. आणि शक्यतो स्वतः जाऊन बसावं, भाजी निवडायची राहिली तरी चालेल.

उपकाराचा प्रश्न यात सर्वांत अवघड. पैशांना नाही म्हणणं सोपं आहे. आपल्या अडचणीत धावून आलेल्या माणसाला नाही म्हणताना जीभ जड होते. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचं देणं आपण एकट्याने लागतो. मत मात्र एकट्याचं असून एकट्यापुरतं नसतं. त्या भवनात ज्यांच्या मुलींची लग्नं अजून व्हायची आहेत, त्यांचाही वाटा त्या एका सहीत असतो. आपलं देणं फेडायला शेजाऱ्याच्या घरातलं भांडं कुणी गहाण ठेवत नाही.